अंशांकन, मापन उपकरणांचे

मापन उपकरणाने दाखविलेले मूल्य आणि मानकाचे ज्ञात मूल्य यांतील फरक, त्याच्या अनिश्चिततेसह, विशिष्ट परिस्थितीत निश्चित करून नोंदविण्याच्या क्रियेला अंशांकन म्हणतात. तो फरक विहित मर्यादेत आहे की नाही हे ठरविणे म्हणजे पडताळणी व उपकरणात सुधारणा करून तो कमी करणे म्हणजे समायोजन होय. व्यवहारात या तिन्हींची गल्लत होते आणि प्रमाणपत्र मिळाले म्हणजे उपकरण अचूक ठरले, असा समज रूढ होतो. वस्तुतः अंशांकनाचे प्रमाणपत्र त्रुटी किती एवढेच सांगते. ती विचारात घेणे वापरणाऱ्याकडे राहते.

कोल्हापूरजवळ पुणे–बंगळूर महामार्गालगत असलेल्या शिरोली औद्योगिक वसाहतीत बिडाची ओतिवे व त्यांवरील यंत्रणकाम करणारे अनेक कारखाने आहेत. ओतीव एकीकडे, यंत्रण दुसरीकडे व जुळणी परगावी अशी विभागणी असली, म्हणजे एकच भाग निरनिराळ्या मायक्रोमीटरांनी मोजला जातो. त्यांच्या त्रुटी माहीत नसतील, तर परत आलेला माल सदोष होता की मापन, हा वाद मिटत नाही.

मायक्रोमीटरचे अंशांकन स्लिप गेज या पोलादी ठोकळ्यांनी करतात. ०–२५ मिमी. पल्ल्यासाठी ५·१, ७·७, १०·३ मिमी. अशी विचित्र वाटणारी मापे घेतात, त्याला कारण आहे. स्क्रूचा अंतराल ०·५ मिमी. असल्याने केवळ ५, १०, १५ मिमी. मापे घेतल्यास फिरते नळकांडे दर वेळी त्याच कोनीय स्थितीत येते आणि एका फेऱ्यातील आवर्ती त्रुटी लपून राहते.

लांबीच्या मापनासाठी प्रमाण तापमान २०° से. आहे. ३५° से. तापमानास १०० मिमी. लांबीचा पोलादी भाग सु. ०·०१७ मिमी. ने वाढतो. भाग व उपकरण दोन्ही पोलादी व सारख्याच तापमानाची असतील, तर ही वाढ बहुतांशी परस्पर वजा होते. मात्र यंत्रावरून नुकताच उतरविलेला गरम भाग मोजल्यास तसे होत नाही. ॲल्युमिनियमाचे प्रसरण तर पोलादाच्या सु. दुप्पट असते. अशी चूक कितीही चांगल्या प्रमाणपत्राने टळत नाही.

वितळलेल्या बिडाचे तापमान प्लॅटिनम–ऱ्होडियम तपयुग्माने मोजतात. त्याचे टोक एकदा वापरून टाकून द्यावयाचे असल्याने प्रत्येक टोकाचे अंशांकन शक्य नसते; एकाच घाण्यातील तारेचे नमुने तपासतात. दर्शक उपकरणाला मात्र ज्ञात विद्युत् दाब देऊन ते तपासता येते. एस प्रकारच्या तपयुग्मात १,४००° से. ला हा दाब १४·३७३ मिलिव्होल्ट असतो. तेथे ०·१२ मिलिव्होल्टची चूक म्हणजे सु. १०° से. ची चूक होय. बीड अपेक्षेपेक्षा थंड असल्यास साच्याचा पातळ भाग भरण्यापूर्वीच ते गोठू लागते.

दूरसंदेशवहनातील प्रकाशीय तंतूंच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. भारतात अशा तंतूंवरील पहिली स्थानिक जोडणी पुणे येथे १९७९ मध्ये झाली. तंतू कोठे तुटला हे शोधणारे ओटीडीआर हे उपकरण प्रत्यक्षात लांबी नव्हे, तर प्रकाशस्पंदाच्या जाण्यायेण्याचा काळ मोजते व तंतूच्या अपवर्तनांकावरून लांबी काढते. १·४६८० ऐवजी १·४६८५ हा अंक भरल्यास ४० किमी. अंतरावर सु. १४ मी. फरक पडतो व खड्डा भलत्याच जागी खणला जातो. म्हणून उपकरणाचा कालमापक अचूक असूनही ज्ञात लांबीच्या तंतूवर पडताळणी करणे श्रेयस्कर ठरते.

कारखान्यातील उपकरणापासून अधिस्वीकृत प्रयोगशाळेच्या मानकांमार्फत नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या मानकांपर्यंत तुलनांची अखंड साखळी असावी लागते. साखळीच्या प्रत्येक कडीगणिक अनिश्चितता वाढत जाते. व्यापारी वजनकाट्यांची पडताळणी व मुद्रांकन कायद्याने नियतकालिक असते. कारखान्यातील मायक्रोमीटरची मुदत मात्र त्याचा वापर आणि आधीच्या नोंदींतील बदल पाहून ठरवितात. उपकरण हातून पडल्यास ती मुदत शिल्लक असली, तरी अंशांकन नव्याने करावे लागते.