बोट बंदराबाहेर का थांबे?

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतले पाणी घेऊन येणारी वैतरणा समुद्रापाशी मंदावते आणि सोबतचा गाळ तिथे बसतो. कोकणातल्या अनेक खाड्यांची मुखे अशीच उथळ आहेत. चाकाच्या आगबोटीला उथळ पाणी चाले, कारण चाकाची फक्त खालची वल्ही बुडावी लागतात. १८३० साली मुंबईहून सुएझला गेलेली 'ह्यू लिंडसे' अशीच होती. पण भरसमुद्रात बोट डोलली, की एक चाक खोल बुडे, दुसरे हवेत फिरे. पुढे पंख्याच्या बोटी आल्या. पंखा पूर्ण बुडायला हवा, म्हणजे पाणी खोल हवे. म्हणून कोकणच्या अनेक बंदरांत बोट बाहेरच थांबे आणि उतारू पडावातून ये-जा करीत. लाटेने पडाव वर उचलला, की त्याच क्षणी पाऊल टाकायचे. चुकले तर जिवाशी गाठ! पावसाळ्यात हे अशक्यच, म्हणून तेव्हा बोटी बंद राहत.