विजेच्या गिटारीचा निर्मळ स्वर

‘मेटल’ या पाश्चात्य संगीताचें नांव निघतांच पालकांच्या कपाळास आठ्या पडतात, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु त्या गर्जनेच्या पोटांत कित्येकदां कांचेसारखा स्वच्छ, शांत स्वर असतो. अमेरिकेंतील मेटॅलिका या वाद्यवृंदाचे जेम्स हेटफील्ड यांच्या अशा स्वरानें आमच्यांतील अनेकांस वेड लावलें आहे; आणि तो साधावयाचा तर भारी किंमतीचें साहित्यच हवें, असा हट्ट घरोघरीं चालतो. म्हणून तो उत्पन्न कसा होतो, हें आधीं पाहूं.

गिटारीच्या तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. त्यास पिकअप म्हणतात. तार कंप पावली कीं वेटोळ्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते व अँप्लिफायर ती वाढवितो. त्याच्या शक्तीबाहेर ती लोटली, म्हणजे लहरींचे माथे कापले जाऊन खरखरीत गर्जना होते. शक्तीच्या आंत राखली, म्हणजे स्वर निर्मळ राहतो.

परंतु खरी मौज पुढेंच आहे. निर्मळ स्वरासाठीं हेटफील्ड यांनीं रोलंड या जपानी कंपनीचा जे. सी. १२० हा अँप्लिफायर वापरला. तो १९७५ सालीं निघाला. त्यांत ६० वॉटांचे दोन विभाग व १२ इंची दोन स्पीकर असतात. कोरसची कळ फिरविली, म्हणजे एका स्पीकरांतून स्वर जसाच्या तसा येतो. दुसऱ्यांतून तोच स्वर सेकंदाचे कांहीं सहस्रांश मागें पडून येतो, व हें मागें पडणें सारखें कमीअधिक होत असल्यामुळें त्याची उंचीही किंचित् वरखालीं होते. दोघांची भेट यंत्रांत नव्हे, खोलींतील हवेंत होते. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारा एकाच षड्जावर लावतात. त्यांत केसाएवढें अंतर राहिलें तर नाद लाटेसारखा हेलावतो. एकीचीं आंदोलनें सेकंदास २०० व दुसरीचीं २०१ असलीं, तर दर सेकंदास एक हेलकावा येतो. हाही त्याच जातीचा प्रकार. कोरस म्हणजे समूहगान. एकच सूर गाणाऱ्या वीस गळ्यांत तंतोतंत सारखे दोन सांपडत नाहींत.

घरीं साधी गिटारही चालेल. तारा मात्र नव्या असाव्या. गंजलेल्या तारेचा स्वर कोणतेंही यंत्र उजळणार नाहीं. मानेजवळचा पिकअप निवडावा, कारण तेथें तारेचा झोका मोठा व नाद भरीव. कोरसची लहानशी पेटी मिळाल्यास तिची गति मंद ठेवावी; आमचे कांहीं मित्र ती इतकी वाढवितात कीं ऐकणारास बोट लागावी! पेटीस साधा व हेलावता असे दोन आउटपुट असतील, तर दोन लहान स्पीकर चार-पांच हात अंतरावर मांडावे.

उरलें तें हातांचें. १९९१ सालच्या ‘नथिंग एल्स मॅटर्स’ या गीताचा आरंभ मोकळ्या तारांवर आहे. डाव्या हातास तेथें जवळजवळ काम नाहीं. मागील नाद विझूं न देतां पुढील त्यांत मिसळूं द्यावा. एखादी तार जोरानें छेडली गेली, तर गर्जनेंत तें खपून जातें. येथें तें शेजारच्या खोलींतही कळतें. म्हणून हे शांत भागच अधिक अवघड, असें आमचें मत आहे.