एसी एकच, काम दोन : गारवाही आणि ऊबही

एप्रिल २०१६ मध्ये बेंगळुरूचा पारा ३९.२ अंशांवर गेला. 'आमच्या शहरात एसी कशाला?' म्हणणाऱ्या घरांनाही एसीचा विचार करावा लागला. आता दुकानात गेलात की विक्रेता 'हॉट अँड कोल्ड' एसीही दाखवतो. जास्तीचे पैसे देण्याआधी आत काय चालतं ते समजून घ्या.

चार भाग, एक फेरा

प्रत्येक एसीत गॅस गोल फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून गरम करतो. बाहेरच्या कॉइलमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा बारीक नळीतून जाताना त्याचा दाब उतरतो आणि तो थंडगार होतो. मग घरातल्या कॉइलमध्ये खोलीची उष्णता शोषून त्याची पुन्हा वाफ होते.

'हॉट अँड कोल्ड'मध्ये पाचवा भाग असतो, रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह. कॉम्प्रेसर नेहमीसारखाच चालतो, हा व्हॉल्व्ह फक्त गॅसची वाट बदलतो. मग बाहेरची कॉइल हवेतली उष्णता शोषते आणि घरातली कॉइल ती खोलीत सोडते. मोठ्या हॉटेल-हॉस्पिटलांतले रिव्हर्सिबल चिलर याच तत्त्वावर चालतात, फक्त ते हवेऐवजी पाणी थंड किंवा गरम करतात.

फायदा कोणाला?

रॉडचा हीटर एक युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देतो, हीट पंप साधारण तीन. बेंगळुरूत जानेवारीतही रात्रीचं तापमान बहुधा १५ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे बाहेरच्या कॉइलवर बर्फ साचण्याची कटकट क्वचितच होते. पण इतक्या सौम्य थंडीत हीटर लागतोच किती? घरात तान्हं बाळ किंवा वयस्कर आजी-आजोबा असतील तर विचार करा, नाहीतर साधा एसी आणि गोधडी पुरे.

घाबरू नका, पण फसूही नका

* मोड बदलताना 'फुस्स' आवाज आला तर तो व्हॉल्व्हचा असतो, बिघाडाचा नव्हे.
* हीटिंग सुरू केल्यावर पंखा थोडा उशिरा फिरतो, कारण आधी कॉइल गरम व्हावी लागते.
* गारवा मिळतो पण ऊब मिळत नसेल, तर रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह तपासायला सांगा.
* 'दरवर्षी गॅस भरावाच लागतो' हे खरं नाही. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आधी नायट्रोजनने गळती शोधून ती बुजवायची, मग व्हॅक्यूम करून, वजन करून गॅस भरायचा, असा आग्रह धरा.
* आर-३२ गॅस सौम्य ज्वलनशील आहे, तर आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो सहज पेटतो. युनिटच्या लेबलवर गॅसचं नाव वाचा आणि प्रशिक्षित टेक्निशियनलाच हात लावू द्या.
* फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा. धूळ साचली की गॅस पुरेसा असूनही खोली नीट गार होत नाही.

पुढच्या वेळी टेक्निशियन 'गॅस कमी आहे' म्हणाला, की एकच प्रश्न विचारा, "गळती कुठे आहे ते दाखवता का?" उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका.