नाताळचे जेवण : आधी काय, आयत्या वेळी काय?



मध्यरात्रीची मिस्सा आटोपून आलेल्या पाहुण्यांना लगेच वाढता यावे म्हणून पुष्कळ घरी सारा स्वयंपाक दुपारीच करून झाकून ठेवतात. पण सर्व पदार्थ सारखे टिकत नाहीत.

सोरपोतेलात माडाचे व्हिनेगर असते. आंबटपणात जंतू सहज वाढत नाहीत, शिवाय मुरल्यावर चवही चढते. म्हणून ते २ दिवस आधी करावे. फ्रीजमध्ये ठेवावे, फ्रीज नसल्यास सकाळ-संध्याकाळ चांगली उकळी आणावी. नेवऱ्या व दोदोलही आधी होतात.

पुलावाचे उलट आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजे असतात. ती उकळूनही मरत नाहीत. भाताचे बियाणे ओल व ऊब मिळताच रुजते, तशीच ही बीजे कोमट पुलावात रुजतात आणि विष तयार करतात. ते पुन्हा तापवूनही जात नाही. काही तासांतच उलट्या सुरू होतात. लहान मुले व वृद्ध लवकर थकतात. आपल्या सर्वणला डिसेंबरातही दुपारी पारा ३० अंशांपुढे जातो, हे विसरू नये.

तेव्हा मसाला वाटून ठेवावा, पण पुलाव मिस्सेनंतरच चुलीवर चढवावा. नारळाच्या रसाची कढीही तेव्हाच करावी. शिजल्यापासून २ तासांत वाढावे. उरलेला पुलाव परातीत पसरून निववावा व लगेच फ्रीजमध्ये ठेवावा. रात्रभर बाहेर राहिलेला टाकून द्यावा.

शेजाऱ्यांकडे ताट पाठवताना नेवऱ्या-दोदोल पाठवावे. पाहुणा अर्धा तास थांबला तरी चालेल; तो आजारी पडता कामा नये.