पशुवर्तन आणि पशुवैद्यकीय उपचार

पशुवर्तन म्हणजे जनावराचे खाणे, रवंथ, उठबस व कळपातील वावर. दुखणे सांगता न येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत या सवयींतील बदल हाच पशुवैद्यकाचा पहिला पुरावा होय. २०२२ च्या साथीत लंपी त्वचारोगाचा महाराष्ट्रातील पहिला प्रादुर्भाव ४ ऑगस्ट रोजी जळगाव जिल्ह्यातील चिनावल (ता. रावेर) येथे आढळला. या रोगात अंगावर गाठी दिसण्यापूर्वीच ताप चढतो, डोळ्यांतून पाणी येते; जनावर वैरण कमी खाते, दूध घटते. माश्या, डास व गोचिडांमार्फत विषाणू पसरत असल्याने अशा सुस्त जनावरास गाठींची वाट न पाहता वेगळे बांधणे इष्ट असते. अर्थात वैरण सोडणे हे इतर अनेक रोगांतही दिसते. केवळ त्यावरून निदान होत नाही. अनोळखी माणसाला बुजलेल्या जनावराची नाडी व श्वास वाढतात, म्हणून श्वास आधी दुरूनच मोजतात.