लॅपटॉप गोठतो आणि पुन्हा पुन्हा पासवर्ड मागतो, तेव्हा

शाळेतला लॅपटॉप काम चालू असताना मध्येच थिजतो. पडद्यावरचा बाण हलत नाही, कळा दाबून उपयोग होत नाही. शेवटी चालू-बंदचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे लागते. पुन्हा सुरू केला, की तो ई-मेलचा पासवर्ड विचारतो, शाळेच्या नोंदी भरायच्या संकेतस्थळाचा विचारतो. तो दिला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दहावीचे अंतर्गत गुण भरण्याची मुदत तोंडावर आलेली असताना असे झाले, तर शिक्षकांची काय अवस्था होते ते सांगायला नको. ‘व्हायरस शिरला’ असे म्हणून बहुतेक जण मोकळे होतात. तसे असूही शकते. पण संशयितांच्या यादीत व्हायरसचा क्रमांक बराच खाली आहे.

ही दोन लक्षणे वेगळी वाटली, तरी पुष्कळदा त्यांचे मूळ एकच असते. ते समजण्यासाठी उलटा प्रश्न विचारू या : एरवी पासवर्ड का विचारला जात नाही?

आपण एकदा पासवर्ड दिला, की संकेतस्थळ आपल्या ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी देते. पुढच्या प्रत्येक वेळी ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो आणि आपल्याला आत सोडले जाते. प्रदर्शनात एकदा तिकीट काढल्यावर हातावर शिक्का मारतात, तसेच हे. या चिठ्ठीला ‘कुकी’ म्हणतात; १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ती प्रचारात आणली. चिठ्ठीवर मुदतीची तारीख असते आणि ती लॅपटॉपच्या डिस्कवर एका फाइलमध्ये लिहिलेली असते. म्हणजे पासवर्ड पुन्हा विचारला जाण्याची तीन साधी कारणे झाली : चिठ्ठी डिस्कवर लिहिलीच गेली नाही, लिहिलेली खराब झाली, किंवा तिची मुदत संपली असे लॅपटॉपला वाटले. (बँकेसारखी संकेतस्थळे मुद्दामच थोड्या वेळाने चिठ्ठी रद्द करतात. तो बिघाड नव्हे.)

आता गोठण्याकडे वळू. लॅपटॉप थिजला की आधी कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र बहुधा जिवंत आहे आणि कशाची तरी वाट पाहत आहे. दिवा ढिम्म असेल, तर दुखणे अधिक खोल आहे : उष्णता, स्मृतीच्या पट्टीचा सैल संपर्क किंवा असेच काही.

वाट पाहणारा लॅपटॉप सहसा डिस्कची वाट पाहत असतो. जुन्या लॅपटॉपमधील फिरती चकती साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एक फेरा झाला सुमारे ११ सहस्रांश सेकंदांचा. चकतीवरचा एखादा भाग खराब झाला असेल, तर तो वाचण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा होतो आणि प्रत्येक प्रयत्नासाठी चकती एक पूर्ण फेरा फिरून येण्याची वाट पाहावी लागते. शंभर प्रयत्न झाले, की एका सेकंदाहून जास्त वेळ गेला. आणि असे खराब भाग ओळीने दहा-वीस असतील तर पडदा गोठलेला दिसणारच. मग आपण वैतागून बटण दाबून धरतो. त्या क्षणी ज्या फाइलमध्ये लिहिणे चालू असते, ती अर्धवट राहू शकते. ती नेमकी चिठ्ठ्यांची फाइल असेल, तर उद्या पासवर्ड मागितला जाणार. दोन लक्षणे, एक कारण.

डिस्क काठोकाठ भरली असेल तरी हेच घडते : नवी चिठ्ठी लिहायला जागा नाही आणि अपुऱ्या स्मृतीला आधार म्हणून डिस्कवर जी मोकळी जागा लागते, तीही नाही. या आधाराचा वेग किती कमी असतो ते पाहा. स्मृतीतून माहिती मिळायला सुमारे १०० अब्जांश सेकंद लागतात, फिरत्या चकतीवरून सुमारे १० सहस्रांश सेकंद. हे प्रमाण एकास एक लाखाचे आहे. टेबलावरचे पुस्तक उचलायला एक सेकंद लागत असेल, तर कपाटातले आणायला एक दिवस आणि वर जवळजवळ चार तास!

डिस्कवर संशय आला, तर पहिले काम एकच. महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. ‘डिस्क दुरुस्त करा’ ही आज्ञा त्यानंतर द्यावी. दुरुस्तीची आज्ञा सगळी चकती पिंजून काढते आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तेवढे श्रम सोसतीलच असे नाही. दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका अशाच नाहीशा होतात.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोरवा ही गावे लागतात. एका बाजूला खाडी आणि मिठागरे, पलीकडे समुद्र. अशा गावातल्या लॅपटॉपला आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे मीठ. लाटा फुटताना उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतले पाणी वाळले, की मिठाचे कण हवेत तरंगत राहतात आणि लॅपटॉपचा पंखा ते धुळीसकट आत ओढतो. कोरडे मीठ विजेचे वहन जवळजवळ करत नाही. मात्र हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली, की साधे मीठ हवेतले बाष्प शोषून स्वतःच त्यात विरघळते. पावसाळ्यात मीठदाणीला पाणी सुटते ते यामुळेच, आणि कोकणपट्टीवर पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस या मर्यादेवर असते. मग कळफलकाच्या आतल्या संपर्कांवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसतो. त्यातून वीज वाहते आणि तांबे गंजते. एखादी कळ न दाबता उमटते, दुसरी दाबूनही उमटत नाही.

पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसत असल्याने हे लक्षातच येत नाही. आपण बरोबर पासवर्ड टाकला, असे आपल्याला वाटते. यंत्राला मात्र एक अक्षर जास्त मिळालेले असते. आणि ‘जवळपास बरोबर’ हा प्रकार संगणकाला कळत नाही. तो मूळ पासवर्ड साठवतच नाही. त्यावर गणिती प्रक्रिया करून मिळालेली, उलट न फिरवता येणारी खूण साठवतो. एक अक्षर बदलले, की खूण पूर्ण बदलते. (गंमत अशी, की ही प्रक्रिया करताना पासवर्डमध्ये काही यादृच्छिक अंक मिसळतात, त्याला संगणकशास्त्रात ‘मीठ’च म्हणतात. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये वर्णन केलेल्या युनिक्सच्या पद्धतीत ४,०९६ प्रकारचे मीठ होते.)

कळफलक तपासायला सोपे आहे. नोटपॅड उघडून सगळी अक्षरे आणि अंक एकेकदा दाबावेत आणि काय उमटते ते पाहावे. मराठी शाळांत यातून बरेचदा एक वेगळीच गोष्ट उघड होते : आदल्या दिवशी प्रश्नपत्रिका टाइप करताना निवडलेला मराठी कळफलक तसाच राहिलेला असतो आणि ठिपक्यांमागे देवनागरी अक्षरे उमटत असतात. काही छोट्या लॅपटॉपमध्ये नम लॉक चालू राहिल्यामुळे काही अक्षरांऐवजी अंकच उमटतात. गंजाचा विचार करण्याआधी ही दोन कारणे बाद करावीत.

मिठावर उपाय सुचवताना भौतिकशास्त्र कामाला येते. ३० अंश सेल्सिअसला आर्द्रता ८५ टक्के असेल, तर तीच हवा ४० अंशांपर्यंत तापवल्यावर आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली जाते. कारण गरम हवेची बाष्प सामावण्याची क्षमता जास्त असते. चालू लॅपटॉप आतून कोमट असतो, म्हणून त्यातले मीठ कोरडे राहते. जून ते सप्टेंबर कपाटात जपून ठेवलेल्या लॅपटॉपपेक्षा रोज तासभर वापरलेला लॅपटॉप अधिक टिकेल, असे माझे मत आहे. पंख्याची जाळी मात्र वर्षातून एकदा साफ करून घ्यावी. ती तुंबली, की प्रोसेसर तापतो, स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो आणि तेही गोठण्यासारखेच दिसते.

तिसरे कारण घड्याळाचे. लॅपटॉप बंद असतानाही वेळ मोजणारे एक परिपथ आत चालू असते. त्यातील क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे २ चा १५ वा घात. १५ वेळा निम्मे केले, की सेकंदाला एक ठोका मिळतो. अनेक लॅपटॉपमध्ये या परिपथाला ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली, की मे महिन्याच्या सुट्टीनंतर लॅपटॉप उघडताच तारीख काही वर्षे मागे गेलेली दिसते. संकेतस्थळांच्या ओळखपत्रांनाही ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते; लॅपटॉपच्या दृष्टीने ते ओळखपत्र अजून जन्मलेलेच नसते, म्हणून तो संबंध तोडतो. उलट तारीख पुढे गेली, तर सगळ्या चिठ्ठ्या मुदतबाह्य ठरतात. तेव्हा पासवर्ड दुसऱ्यांदा टाकण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचावी. बॅटरी नवी घालणे हे या सगळ्या दुरुस्त्यांमधले सर्वांत स्वस्त काम आहे आणि जुनीचा दाब मल्टिमीटरने मोजणे हा नववीच्या वर्गासाठी चांगला प्रयोग.

आता एका अगदी वेगळ्या प्रकाराविषयी. कधी कधी पडदा ‘गोठतो’, त्यावर मोठ्या अक्षरांत धोक्याची सूचना येते, पासवर्ड मागितला जातो आणि खाली एक दूरध्वनी क्रमांक असतो. हा लॅपटॉपचा बिघाड नसून ब्राउझरने पडदाभर उघडलेले लबाडीचे पान असते. विंडोजच्या खऱ्या सूचनेत दूरध्वनी क्रमांक नसतो. एस्केपची कळ काही वेळ दाबून धरावी. तरी पान हटले नाही, तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबावे. ही त्रयी थेट विंडोजकडे जाते, कोणतेही पान ती अडवू शकत नाही. मग टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करावा. पासवर्ड देऊन झाला असेल, तर तो दुसऱ्या यंत्रावरून लगेच बदलावा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि त्यात जितकी घाई कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

एवढे करूनही लॅपटॉप दुकानात न्यावाच लागला, तर स्वतःचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देऊ नये. लॅपटॉप चालू होत असेल तर दुरुस्तीपुरते वेगळे खाते उघडून द्यावे. आणि ‘पासवर्ड काढून टाकतो’ असे दुकानदार म्हणाला, तर आधी थांबवावे. विंडोजमध्ये साठवलेले पासवर्ड ज्या तिजोरीत असतात, तिची किल्ली आपल्या खात्याच्या पासवर्डपासूनच तयार होते. लॅपटॉपवरच्या स्थानिक खात्याचा पासवर्ड बाहेरून पुसला, तर तिजोरी कायमची बंद होऊ शकते आणि घरी आल्यावर लॅपटॉप प्रत्येक ठिकाणचा पासवर्ड पुन्हा पहिल्यापासून विचारू लागतो.