रस्ता रुंद होणार असेल तर बोलायचं कधी?

मेयो रुग्णालयापासून सुनील हॉटेलपर्यंत जाणारा जुना भंडारा रोड हा नागपूरच्या ठोक बाजाराच्या भागातला रस्ता. लांबी सुमारे तीन किलोमीटर. शहराच्या विकास आराखड्यात त्याची रुंदी 18 मीटर दाखवली आहे, आणि हा आराखडा राज्य सरकारने 7 जानेवारी 2000 रोजी मंजूर केला. त्यानंतर मोजण्या झाल्या, प्रस्ताव गेले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात प्रकरणं गेली, आणि दोन दशकांहून जास्त काळ हा प्रश्न तिथल्या घरमालकांच्या आणि दुकानदारांच्या डोक्यावर टांगलेला राहिला. महालातल्या केळीबाग रोडवरच्या लोकांनीही अशीच वर्षं काढली.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. बहुतेक लोक जागे होतात ते मोजणीदार टेप घेऊन आल्यावर, भिंतीवर लाल खूण पडल्यावर. कायद्याने आपलं म्हणणं ऐकण्यासाठी ठेवलेली मुख्य वेळ तोवर निघून गेलेली असते. ती वेळ नकाशावर रेघ ओढली जाते तेव्हाची. म्हणून ही रेघ कुठे आणि कशी ओढली जाते, ते आधी समजून घ्यायला हवं.

महाराष्ट्रात हे काम 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने चालतं. महापालिका किंवा सुधार प्रन्यास विकास आराखड्याचा मसुदा तयार करते, तो राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत जाहीर करते आणि ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवते. त्या हरकती नियोजन समितीपुढे जातात. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना जाणणारे चारपर्यंत तज्ज्ञ असतात. समिती सुनावणी घेऊन अहवाल देते आणि शेवटचा शब्द राज्य सरकारचा असतो. मंजूर झालेल्या आराखड्यात पुढे किरकोळ बदल करायचा तर कलम 37 लागतं. त्यातही राजपत्रात सूचना काढावी लागते, एक महिन्याच्या आत आलेली कोणाचीही हरकत स्वीकारावी लागते, आणि ज्यांच्यावर बदलाचा परिणाम होणार त्यांना वेगळी नोटीस देऊन त्यांचं ऐकावं लागतं. ‘कोणाचीही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हरकत घ्यायला मालक असणं गरजेचं नाही. त्या रस्त्याने रोज शाळेत जाणाऱ्या मुलाची आईसुद्धा लेखी म्हणणं देऊ शकते.

दुसरी वाट फारशी कोणाला माहीत नसते. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली आयुक्त एखाद्या रस्त्याची ‘नियमित रेषा’ ठरवू शकतात. त्यासाठी किमान एक महिना आधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि त्या रस्त्यावरच वेगळा फलक लावावा लागतो. लेखी हरकतींचा विचार करणं आयुक्तांना बंधनकारक आहे. ही रेषा एकदा ठरली, की तिच्या आत येणाऱ्या जुन्या इमारतीची पुनर्बांधणी करताना मालकाला मागे सरकावं लागतं. त्यामुळे दहा वर्षांनी घर पाडून बांधायचा विचार असलेल्या माणसाचंही हित त्या फलकाशी जोडलेलं असतं.

आता भूसंपादनाकडे येऊ. 2013 च्या केंद्रीय कायद्यात साध्या भूसंपादनाला 60 दिवसांत हरकत घेता येते. पण आराखड्यातल्या रस्त्यासाठी जमीन घेताना नगररचना कायद्याचं कलम 126 वापरलं जातं. ही जमीन सार्वजनिक कामासाठी हवी की नाही, हा प्रश्न आराखडा मंजूर होतानाच सुटला असं त्यात धरलं जातं आणि थेट घोषणेपासून पुढचं काम सुरू होतं. रस्ता 18 मीटर का, 15 का नाही, हा वाद या टप्प्यावर जवळजवळ संपलेला असतो. उरतो तो मोबदल्याचा वाद. मोबदला रोख असू शकतो किंवा हस्तांतरणीय विकास हक्काच्या, म्हणजे टीडीआरच्या रूपात मिळतो. दाट वस्तीत दिलेल्या जागेच्या तिप्पट आणि बाहेर दुप्पट टीडीआर मिळतो. आकडा मोठा वाटतो, पण तो हक्क विकत घेणारा बिल्डर शोधणं एका लहान घरमालकाला सोपं नसतं. त्यामुळे टीडीआरची संमती देण्याआधी बाजारात त्याला काय भाव आहे याची चौकशी जरूर करावी.

जुन्या बाजारात सर्वांत कच्ची बाजू भाडेकरूची असते. जागा मालकाच्या नावावर, टीडीआर मालकाला, आणि अनेक वर्षांचं दुकान मात्र भाडेकरूचं. 2013 च्या कायद्याने बाधित भागात तीन वर्षांपासून ज्यांची उपजीविका चालते अशा भाडेकरूंना बाधित कुटुंबांत धरलं आहे. ते सिद्ध करण्यासाठी भाडेपावत्या, वीजबिलं, गुमास्ता परवाना जपून ठेवावा आणि हरकतीसोबतच त्याच्या प्रती जोडाव्यात. फेरीवाल्यांसाठी 2014 चा वेगळा कायदा आहे. त्यातल्या नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनीच निवडून द्यायचे असतात. रस्त्याची नवी आखणी होताना विक्रीची जागा मागायची तर या समितीतूनच मागावी लागते.

हरकत लिहायची कशी, हे आता पाहू. आधी महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या भागाचा मंजूर भाग नकाशा मागवावा आणि नगर भूमापन कार्यालयातून आपली आखीव पत्रिका घ्यावी. नकाशा मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करावा. उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे, म्हणून हे काम सूचना निघण्याची वाट न पाहता करावं. मग अर्जात भूखंड क्रमांक, सूचनेचा दिनांक, किती जागा जाते, आणि त्याऐवजी काय करता येईल हे लिहावं. प्रत्यक्ष सुनावणी हवी असल्याची ओळ विसरू नये. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. शंभर जणांच्या सह्यांचा एक अर्ज वजनदार वाटतो, पण कार्यालयात तो बहुधा एकच हरकत म्हणून नोंदला जातो. प्रत्येकाने आपल्या परिस्थितीसह वेगळा अर्ज द्यावा, हे मला जास्त पटतं. 2021 मध्ये नागपुरातल्या अजनी भागातली झाडं तोडली जाऊ नयेत म्हणून नागपूरकरांनी हजारोंच्या संख्येने हरकती दिल्या, तेव्हा हा विषय एका वस्तीचा न राहता शहराचा झाला.

आणि ‘नको’ एवढंच लिहून थांबू नये. रुंदी ठरली तरी त्या रुंदीत काय बसवायचं हा प्रश्न खुला असतो, आणि माझ्या मते नागरिकांनी सर्वांत जास्त बोलायला हवं ते इथेच. 18 मीटर म्हणजे साधारण 59 फूट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या निकषांनुसार बाजाराच्या भागात चालायला किमान अडीच मीटर मोकळा फुटपाथ हवा. दोन्ही बाजू धरून पाच मीटर गेले, तेरा उरले. त्यात मधला दुभाजक आणि चार अरुंद पट्टे बसवता येतात. तसं केलं तर माल उतरवायला थांबलेली पहिलीच गाडी एक पट्टा अडवते आणि रुंदीकरणाचा फायदा तिथेच संपतो. याउलट सात मीटरचा दुहेरी रस्ता ठेवला तर सहा मीटर उरतात. त्यांत माल चढवण्या-उतरवण्याचे कप्पे, फेरीवाल्यांच्या ठरलेल्या जागा, झाडं आणि पावसाळी नाली बसते. ठोक बाजारात कोणत्या वेळी किती गाड्या येतात, हातगाडीवाले कुठून वळतात, मे महिन्यात सावली कुठे असते, हे तिथल्या दुकानदाराइतकं कोणत्याही सल्लागाराला माहीत नसतं. ही माहिती तारीख-वेळेसह, फोटोंसह लिहून दिली तर अभियंत्याला ती वापरता येते.

सुनावणीनंतरही पाठपुरावा लागतो. आपल्या हरकतीवर काय निर्णय झाला आणि का, याची प्रत मागावी. सरकारकडे गेलेल्या अहवालात आपला मुद्दा आला की नाही, ते तपासावं. नागपूर महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर प्रशासकाचा कारभार आला. अशा काळात वस्तीचं म्हणणं सभागृहात मांडायला नगरसेवक नसतो, आणि या कागदांवरच सगळी भिस्त राहते.

आराखडा वीस वर्षांतून किमान एकदा सुधारावा असं कलम 38 सांगतं. 2000 च्या आराखड्याची ती मुदत उलटून गेली आहे. सुधारित मसुद्याची सूचना निघेल तेव्हा घड्याळ लगेच चालू होईल, म्हणून आपल्या रस्त्याचा भाग नकाशा आणि आखीव पत्रिका आताच काढून ठेवावी.